भांगाच्या पाण्यातला पालू

भाद्रपद वद्य अष्टमी, रविवार. कोलशेतचा जुना धक्का. भरती भरत आलेली, वारा पडलेला. हजर: नंदूदादा, हरेश्वर, मी. गैरहजर: नंदूदादाचा उजवा हात.

यातली शेवटची नोंद माझी नाही, दादाची आहे. मला कुठेही पोचलं की आधी माणसं मोजायची सवय आहे. सहलीला, लग्नाला, सोसायटीच्या सभेला, अगदी स्मशानातसुद्धा. त्या सकाळी धक्क्यावर सतरंजी पसरून मी डबा, पाणी, औषधं, टॉवेल, छत्री असं सगळं ओळीने मांडलं आणि सवयीने म्हणाले, "चला, सगळे आले." तेव्हा दादा मांडीवर ठेवलेल्या आपल्या हाताकडे बघून म्हणाला, "हा नाही आला. याची गैरहजेरी लाव." त्याचे शब्द तेव्हा अजून जिभेला चिकटत यायचे. पण हे वाक्य स्वच्छ आलं.

आज हे सगळं वर यायचं कारण एवढंच की पाणी निवळलं आहे. काल संध्याकाळी माणकोलीहून डोंबिवलीला परत येताना पूल ओलांडला आणि मोठागावात स्कूटर कडेला घेऊन खाडीकडे पाहिलं. पावसाळाभर उल्हास नदी दुधाच्या चहासारखी वाहते. गणपती जातात, ऊन तापायला लागतं, आणि एखाद्या दिवशी लक्षात येतं की चहाचा रंग गेला. काठाजवळ पाणी हिरवट दिसायला लागलं. तिवरांच्या मुळ्या पाण्याखाली वीतभर तरी दिसायला लागल्या. मला पूर्वी यातलं काही दिसत नसे. खाडी म्हणजे वास, एवढंच मला ठाऊक होतं. दादाने शिकवलं म्हणून दिसतं. आणि आता दिसायचं थांबवता येत नाही.

दादा माझ्यापेक्षा मोठा. कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात त्याची नोकरी गेली, म्हणजे पूर्ण झाली, आणि बाळकुमला कारखान्यापासून जवळ म्हणून घेतलेल्या घरातच तो राहिला. वहिनी गेल्यावर एकटाच. सुट्टीच्या दिवशी तो खाडीवर जायचा. त्याचा छंद लोकांना जरा विचित्र वाटायचा, कारण तो कोळंबी किंवा खेकड्याचा तुकडा लावून मासे धरत नसे. खोट्या आमिषावर धरायचा. बोटाच्या पेराएवढी रबराची शेपटी, तिच्या डोक्याशी शिशाचा थेंब आणि एक गळ. एवढ्याशा वस्तूवर तो पालू धरायचा, आणि पालूच धरायचा.

पालू फार मोठा मासा नाही. ताटात मावेल एवढा, उंच पाठीचा, अंगावर काळसर चांदी, आणि पाठीवर असा काटेरी पंख की बेसावध हात लावला तर रक्तच काढतो. त्याचे दात पाहिले की हसू येतं, पुढचे दात थेट माणसासारखे. धक्क्याच्या खांबांना कालवं चिकटलेली असतात, ती तो कडाकडा फोडून खातो. म्हणून राहतोही खांबांच्या सावलीत, तिवरांच्या मुळ्यांत, जिथे पाणी शांत असतं तिथे. दादा म्हणायचा, "हा मासा संशयी आहे गं. आधी चव बघतो. शेपटीला टक करून धरतो, सोडतो. पुन्हा टक. त्या वेळी ज्याने हिसका दिला तो रिकाम्या हाताने घरी गेला. थांबायचं. वजन आलं की मग."

यासाठी पाणी मंद हवं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा खाडी तळापासून ढवळून निघते आणि रबराची शेपटी कुणाला दिसत नाही. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीचा जोर उतरतो, त्याला भांग म्हणतात. भांगाला पाणी हळू चढतं, हळू उतरतं, गाळ खाली बसतो. दादाच्या घरच्या कालनिर्णयाच्या पानांवर म्हणूनच अष्टमीभोवती पेन्सिलीचे गोल असायचे. वहिनीला पहिल्या वर्षी वाटलं, नवरा एकदम धार्मिक झाला.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, त्याला झटका आला. उजवी बाजू गेली. पाय बऱ्यापैकी परत आला, बोलणं आलं, हात मात्र राहिला. म्हणजे हात होता, हलायचाही, पण कुणा दुसऱ्याच्या मालकीचा असल्यासारखा. बंगळुरूहून त्याचा मुलगा निखिल आला, महिनाभर राहिला, सगळं केलं. जाताना त्याने मला जिन्यात थांबवून सांगितलं, "आत्या, दिवाळीला येतो तेव्हा ठरवू. बाबा एकटे राहू शकतील असं तुला वाटलं तर राहू देत. नाहीतर मी घेऊन जाणार. तू बघतेस त्यांना, तू सांगशील ते मी ऐकेन. फक्त त्यांच्याकडे बघून सांगू नकोस, खरं सांग."

मुलगा वाईट नाही. ही गोष्ट त्या वेळी मी स्वतःला रोज एकदा सांगत असे.

माझं स्वतःचं मत तर ठरल्यासारखंच होतं. गॅस, दाराचं कुलूप, शर्टाची बटणं, रात्रीचं बाथरूम. मी मनातल्या मनात एकेका गोष्टीपुढे फुली मारत होते. बंगळुरूला त्याला स्वतंत्र खोली होती, लिफ्ट होती, नातवंडं होती. दादाला विचारलं तर तो म्हणायचा, "तिथे खाडी नाही." मी म्हणायचे, "अरे, इथे असून तू कुठे जातोयस?" त्यावर तो कालनिर्णयावरचे पेन्सिलीचे गोल बघत बसायचा. 

तो इस्पितळात असताना मी त्याचं घर आवरलं होतं. माझं आवरणं प्रसिद्ध आहे. त्याच्या मासेमारीच्या पेटीत रबरी शेपट्यांची कितीतरी पाकिटं अर्धवट फाटलेली, तेलकट अशी पडली होती. मी सगळी पाकिटं फेकली, शेपट्या धुतल्या, पुसल्या, रंगांप्रमाणे लावून एका घट्ट झाकणाच्या डब्यात भरल्या. डब्यावर चिठ्ठी लावली. श्रावणात दादाने तो डबा उघडला. आत शेपट्या नव्हत्याच. एक गोळा होता. हिरवा, तपकिरी, गुलाबी, सगळे रंग एकमेकांत विरघळलेले, डब्याच्या तळालाही वितळून बसलेले. निरनिराळ्या जातींचं रबर एकत्र ठेवलं की एकमेकांना खातं, हे मासे धरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं म्हणे. मला कुठून माहीत असणार?

दादा त्या गोळ्याकडे बघत राहिला. मग हसायला लागला. अर्ध्या चेहऱ्याने हसला. आजारानंतरचं ते त्याचं पहिलं हसू. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला आणि म्हणाला, "शोभे, तू देवाचं घर आवरायला गेलीस तर तेहतीस कोटींचा एक लाडू करून ठेवशील."

आणि मग, हसू ओसरायच्या आत, म्हणाला, "गळाच्या काठीवर एक लावलेली असेल बघ. तेवढी बस झाली. मला धक्क्यावर ने."

मी नेईन म्हणाले. पण त्याने अट घातली, स्वतःलाच. नव्या हंगामाला दोरा नवा, आणि त्याला आमिष बांधायची गाठ तो स्वतः बांधणार. ती जमेपर्यंत पाण्यात दोरा टाकणार नाही.

ही अट मला तेव्हा नुसता हट्ट वाटली. नंतर कळलं की या लोकांत तशी रीतच आहे. एकमेकांना काठी देतील, आमिष देतील, डब्यातली पोळी देतील, पण दुसऱ्याने बांधलेल्या गाठीवर मासा धरणार नाहीत. मासा सुटला तर दोष कुणाचा, हा प्रश्नच नको. दादा म्हणायचा, "दोरा बाजारातला, गळ बाजारातला, काठी बाजारातली. माझं असं त्यात काय असतं? गाठ."

गाठ तशी साधी आहे. केसासारखा बारीक दोरा गळाच्या डोळ्यातून, म्हणजे वरच्या भोकातून, ओवायचा. टोक मूळ दोऱ्याभोवती चार-पाच वेळा गुंडाळायचं. मग ते टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून परत काढायचं, ओठांशी नेऊन थुंकीने ओलं करायचं, आणि हळूहळू आवळायचं. कोरडी आवळली तर दोरा स्वतःच्याच घर्षणाने भाजतो आणि नेमका मासा लागल्यावर तुटतो. मला ती बघून-बघून एका बैठकीत जमली. दोन चांगल्या हातांना अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही. डावा हात आणि अर्धा उजवा यांना किती लागतं, हे मी त्या हंगामात शिकले.

तर ती पहिली अष्टमी. पितृपंधरवडा चालू होता. हरेश्वर आपली होडी धक्क्याला बांधून वर आला आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. हरेश्वर कोलशेतचाच, पिढ्यान् पिढ्यांचा. त्याच्या आजोबांची मिठागरं होती, वडिलांनी खाडीकाठची भाताची खाजणं राखली, आणि त्याच्या वाट्याला टॉवर आला. वरच्या मजल्यावर राहतो, गळ्यात जाड साखळी, खाली मोठी गाडी. पण सकाळ झाली की लिफ्टने उतरून वडिलांच्या होडीत येऊन बसतो. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाला, "ताय, वर वारा हाय, पन वास नाय."

"पितर जेवाया बसलेत नि तू नवा उद्योग काढतंस, नंदूशेठ?" तो त्या दिवशी म्हणाला.

"नवा कुठला? जुनाच आहे," दादा म्हणाला.

"खोट्या शेपटीला खरा मासा. तुजा बाप असता तर तुला घरात घेतला नसता."

"माझ्या बापाला मासा ओळखता येत नव्हता रे. साताऱ्याचा माणूस. तो बोंबिलाला साप म्हणायचा."

हरेश्वर हसला, कोळंबी लावली, हातानेच दोरा पाण्यात सोडला आणि आमच्याकडे पाठ करून बसला. ती पाठ मुद्दाम केलेली होती. दादाला कुणी बघत असलेलं आवडत नव्हतं, हे त्याला न सांगता कळलं होतं. मला नाही कळलं. मी समोरच बसून बघत होते.

दादाने गळ बुचात खोचून ठेवला, म्हणजे धरायला नको. डाव्या हाताने दोरा ओवला. ओवला गेला. मग टोक गुंडाळायची वेळ आली, आणि उजव्या हाताच्या बोटांनी दोन वेढे घेतले नि सोडून दिले. वेढे उलगडले. पुन्हा ओवला. पुन्हा गुंडाळला. उलगडला. खाली पाणी धक्क्याच्या पायऱ्या चढून थांबलं, आणि थोड्या वेळाने एकेक पायरी सोडून उतरायला लागलं. चिखल उघडा पडला. त्यावर निवट्या, पायाऐवजी पंखांवर चालणारे ते इवलेसे मासे, उड्या मारायला लागले. एक खंड्या तारेवरून पाण्यात पडला आणि चोचीत काहीतरी घेऊन वर गेला. दादा वर बघून म्हणाला, "याला गाठ बांधावी लागत नाही," आणि पुन्हा खाली मान घातली.

फिजिओथेरपीला येणारी मुलगी त्याला मऊ चेंडू दाबायला देऊन गेली होती. तो त्याने कधी दाबला नाही. "मी काय गाडी आहे का, हॉर्न वाजवत बसायला?" पण हा दोरा घेऊन तो तासन् तास बसायचा. घरी सोफ्यावर, बाल्कनीत, टीव्हीसमोर. खुर्चीच्या पायाला, दाराच्या कडीला, चहाच्या कपाच्या कानाला अर्धवट वेढे लोंबत असायचे. मी गेले की ते गोळा करत फिरायचे.

घट बसले. पुढची अष्टमी नवरात्रात आली. ऊन असं की धक्क्याचा दगड चटका देई. पलीकडच्या बिल्डिंगमधून लाऊडस्पीकरवर आरती ऐकू येत होती. त्या दिवशी दादाने वेढे घेतले, चार. मोजून चार. टोक पहिल्या फटीशी नेलं. आत शिरवायचं एवढंच उरलं होतं. बोट थरथरायला लागलं. फट समोर होती, टोक समोर होतं, आणि त्या दोघांमध्ये केसभर अंतर होतं जे ओलांडलं जात नव्हतं. त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यात गेला. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली, त्याला कळलंही नाही.

मला बघवेना. मी पुढे वाकले, त्याच्या हातातून दोरा घेतला, टोक आत घातलं, ओलं केलं, आवळलं. काम झालं. माझा सगळा जन्म अशी कामं उरकण्यात गेला आहे. कुणाचं अडलं की माझे हात आपोआप पुढे होतात.

दादा त्या गाठीकडे बघत राहिला. चांगली बसली होती. मग तो म्हणाला, "हऱ्या, नेलकटर दे."

हरेश्वरने मान न वळवता खिशातून नेलकटर काढून मागे धरला. दादाने तो डाव्या हातात घेतला, आणि गाठ गळाच्या डोळ्यालगत कापली. टिक असा आवाज झाला. तुटका तुकडा त्याने खिशात ठेवला, कारण दोऱ्याचा तुकडा तो कधी खाडीत टाकत नसे. पक्ष्यांच्या पायात अडकतो. मग दोऱ्याचं टोक माझ्या हातात न देता स्वतःच शोधलं आणि पुन्हा ओवायला घेतलं.

 

थोड्या वेळाने हरेश्वर म्हणाला, "ताय, हिकडं येऊन बस. माजा दोरा धर जरा. मना तंबाखू मलायची हाय." मी जाऊन त्याच्या शेजारी बसले, दादाकडे पाठ करून. दोरा हातात घेतला. हरेश्वरने तंबाखू मळलीच नाही. दोघेही पाण्याकडे बघत बसलो. कुणाच्या मदतीला न जाणं हेसुद्धा एक काम असतं, आणि ते दोन्ही हातांनी करावं लागतं, हे मला पन्नाशीनंतर त्या धक्क्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. दादाच्या घरी पूजेत पाना-पक्कड, वहिनीची कात्री आणि ती काठी मांडलेली असायची. त्या वर्षी काठी होती, पण दोऱ्याचं टोक मोकळं. निखिलचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. "कसे आहेत?" "आहे, ठीक आहे," मी म्हणाले. "आत्या, तिकिटं काढू का?" मी पूजेतल्या काठीकडे बघत म्हणाले, "थोडा थांब रे."

दिवाळीआधीचा शेवटचा भांग अश्विन वद्य अष्टमीला आला. सकाळी जरा गारवा होता, तो पहिलाच. पाण्यावर पातळ धुकं, आणि पाणी असं स्थिर की पलीकडच्या टॉवरचे मजले उलटे मोजता यावेत. मी हरेश्वरशेजारी बसले होते, ठरल्याप्रमाणे पाठ करून. तोपर्यंत आमच्या तिघांच्या जागाच ठरून गेल्या होत्या. हरेश्वर मला त्याच्या सुनेची तक्रार सांगत होता. ती घरात मासे करू देत नाही, वास येतो म्हणते. "पोरगी कोलीवाड्यातली, नि तिला वास येतो!"

मागून दादाचा आवाज आला. "थुंकीची तर कमतरता नाही आता."

आम्ही दोघेही वळलो नाही. कपड्याचा आवाज आला, नाकाने घेतलेला श्वास आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग तो म्हणाला, "झाली."

हरेश्वर उठला, त्याच्यासमोर उकिडवा बसला, गळ बोटांत धरून त्याने दोरा खसकन ओढला. पुन्हा ओढला. गाठ हलली नाही. ती काही सुंदर नव्हती. वेढे एकावर एक चढलेले, टोक लांब राहिलेलं. हरेश्वर म्हणाला, "माज्या सुनंचा आंबाडा हाय तसा. पन सुटत नाय."

दादाने डाव्या हाताने आमिष फेकलं, खांबाच्या सावलीत, हातभर इकडेतिकडे. मग काठी उजव्या हातात दिली आणि दोरा उजव्या बोटावर घेतला, पूर्वी घ्यायचा तसा. आम्ही वाट बघत होतो. काठीचं टोक मला दिसत होतं. ते एकदा खाली झुकलं, अगदी मुंगीने ढकलावं तसं. पुन्हा झुकलं. दादाचा चेहरा तसाच.

"शोभे," तो म्हणाला, "टोक हललं का आत्ता?"

खोटं बोलायला क्षणभर तोंड उघडलं होतं. "हललं," मी म्हणाले. "दोनदा."

"मला नाही कळलं." त्याने बोटाकडे पाहिलं. रागाने नव्हे. एखाद्या जुन्या सहकाऱ्याने निवृत्तीचा अर्ज दिल्यावर पाहावं तसं.

तेव्हा हरेश्वर म्हणाला, "काठी ठेव ती खाली. दोरा डाव्या हातात घे, आमी घेतो तसा. माज्या आज्याला कुटं काठी होती?" दादाने क्षणभर विचार केला. मग काठी काखेत दाबली आणि दोरा डाव्या हाताच्या बोटावर घेतला. आमिष पुन्हा खांबाजवळ पडलं, बुडालं, तळाशी टेकलं. दादाने डोळे मिटले. थोड्या वेळाने तो पुटपुटला, "टक." मग, "टक." आणि थांबला. त्याचं थांबणं आम्हाला तिघांनाही जड झालं. मग एकदम कोपर मागे गेलं.

पालू हातानेच ओढून घेतला, काठीचा काही उपयोग न होता, गावच्या पद्धतीने. दगडावर आपटून उड्या मारायला लागला. हरेश्वरने ओल्या टॉवेलने तो धरला आणि दादासमोर केला. ओठात रबराची शेपटी, आणि तिच्या अंगाशी ती वेडीवाकडी गाठ, पाण्याने चमकत. दादाने उजव्या हाताचं एक बोट त्याच्या कपाळावर ठेवलं. "गार आहे," तो म्हणाला. "एवढं कळतंय." आणि मासा पाण्यात सोडायला सांगितला.

भाऊबीजेला दादा आणि निखिल आमच्याकडे डोंबिवलीला आले. मी ओवाळलं. दादाच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, बाकीची त्याने स्वतः लावलेली होती. जेवणं झाल्यावर निखिल स्वयंपाकघरात आला, माझ्या हातातली भांडी पुसायला घेतली आणि म्हणाला, "आत्या, सांग आता."

"हात आलेला नाही," मी म्हणाले. "येणारही नाही. गाठ बांधतो मात्र."

"गाठ बांधता येणं आणि एकट्याने राहता येणं यात फरक आहे गं."

"आहे," मी म्हणाले.

त्याने पुढचं ताट पुसायला घेतलं. बाहेर दादा माझ्या नातीला पालूचे दात कसे असतात ते स्वतःचे दात दाखवून समजावत होता. मी आयुष्यभर बाजू मांडून, जुळवून, उणे-अधिक बघून निर्णय घेतले आहेत. त्या दिवशी मांडलं असतं तर उत्तर बंगळुरू असंच आलं असतं. मी म्हणाले, "राहू दे त्याला इथे. मी येऊन-जाऊन आहे."

निखिलने ताट जागेवर ठेवलं. "ठीक आहे," म्हणाला. शब्दाचा पक्का निघाला.

त्यानंतर दादाला आणखी एक पुरा हंगाम मिळाला. गेल्या वर्षीचा. अश्विनापासून होळीपर्यंतचे सगळे भांग त्याने धक्क्यावर काढले. कधी मी असायचे, कधी नुसता हरेश्वर. रबरी शेपट्या नवीन आल्या, ज्याच्या-त्याच्या पाकिटात राहिल्या, मी हात लावला नाही. हाताने दोरा धरायची त्याची नवी रीत धक्क्यावरच्या इतर मंडळींना थट्टेची वाटायची. तो म्हणायचा, "आमिष विलायती, हात कोलशेतचा."

या उन्हाळ्यात एका सकाळी दुधाची पिशवी त्याच्या दाराला तशीच लटकत राहिली. शेजाऱ्यांनी मला फोन केला. रात्री झोपेत दुसरा झटका आला असावा, असं डॉक्टर म्हणाले. त्रास झाला नसेल, असंही म्हणाले. नसेल. कुणी शेजारी असतं तर काय झालं असतं, हे मी त्यांना विचारलं नाही, आणि निखिलने मला विचारलं नाही. दिवस झाल्यावर घर आवरताना तो एवढंच म्हणाला, "काठी तू ठेव, आत्या." त्याच्या आवाजात दुसरं काही होतं का, हे मी अजून शोधते. सापडत नाही. सापडू नये असंही वाटतं.

मी माझं उत्तर कितीदा तपासून पाहिलं आहे. रात्री नाही, रात्री मला झोप लागते. भाजी निवडताना, सिग्नलला थांबल्यावर. उत्तर बदलत नाही. फक्त हलकंही होत नाही.

आज सकाळी हरेश्वरचा फोन आला. "ताय, पानी निवललं. आयतवारी भांग हाय. येतंस ना?"

"मी येऊन काय करू?"

"काय करू म्हंजे? नंदूशेठची काठी काय भिंतीला टेकवाया ठेवलीस? तू टाक की. मी हाय."

मग मी काठी दारामागून काढली. नेहमीप्रमाणे कामं लिहून काढली आणि एकेक उरकत गेले. काठीच्या कड्या पुसल्या. रिळाला तेल घातलं. नवा टॉवेल पिशवीत ठेवला. शेपट्यांची पाकिटं त्यांच्या-त्यांच्या जागी आहेत हे पाहिलं. बुचाची चकती, पाणी, छत्री. पुढचा दोरा बदलायला हवा, कारण वर्षभराच्या मिठाने आणि उन्हाने तो ठिसूळ होतो. नव्या हंगामाला नवा दोरा, नवी गाठ, हे दादाचंच शिकवणं. नवीन दोऱ्याची रिळं आणून टेबलावर ठेवली आहेत. गाठ मला बांधता येते.

काठीच्या टोकाला त्याने होळीआधीच्या भांगाला बांधलेलं आमिष अजून आहे. तपकिरी शेपटी, टोकाशी पालूने कुरतडलेली. तिच्या डोक्याशी ती गाठ, वेढे एकावर एक चढलेले, टोक लांब राहिलेलं, मिठाने पांढरी पडलेली. दुपारपासून नेलकटर माझ्या हातात आहे. बाकी सगळी कामं झाली आहेत. एवढं एक कापायचं राहिलं आहे.